वाचकांचे प्रश्न : कादंबरीकार कॅमेऱ्यामागे का गेल्या?

प्रश्न : अल्जीरियाच्या कादंबरीकार आसिया जेबार यांची 1967 नंतरची पुढची कादंबरी थेट 1985 मध्ये आली आणि मधल्या काळात त्यांनी दोन चित्रपट केले, असे वाचनात आले. ऐन उमेदीच्या वर्षांत माध्यम बदलल्याने लेखनाचे नुकसानच झाले नसेल काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मला तसे वाटत नाही. उलट, ते दोन चित्रपट झाले नसते तर जेबार यांच्या सर्वोत्तम कादंबऱ्या लिहिल्याच गेल्या नसत्या, असे माझे ठाम मत आहे.

जेबार यांचा जन्म 1936 मध्ये भूमध्य समुद्राकाठच्या शेर्शेल या गावी झाला. त्यांचे खरे नाव फातिमा-झोहरा इमालायेन, आणि वडील फ्रेंच शाळेत शिक्षक. 1955 मध्ये पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथील नामांकित उच्च शिक्षण संस्थेत प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या अल्जीरियन विद्यार्थिनी होत्या. परंतु पुढच्याच वर्षी फ्रेंच सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याच्या बाजूने अल्जीरियन विद्यार्थ्यांनी पुकारलेल्या संपात त्या सामील झाल्या आणि परीक्षेला बसल्या नाहीत. याच सुमारास त्यांनी पहिली कादंबरी लिहिली, टोपणनाव घेतले, आणि 1957 ते 1967 या दहा वर्षांत त्यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. या सगळ्या फ्रेंचमध्ये होत्या. ज्या बायकांमध्ये त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या मात्र अरबी आणि बर्बर बोलणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना ही पुस्तके वाचता येणे शक्यच नव्हते. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच कानांपर्यंत आपला शब्द पोहोचत नाही, ही अडचण केवळ आणखी एक कादंबरी लिहून सुटणारी नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात, अल्जीरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीसाठी चित्रपट करताना, त्या आपल्या आईच्या माहेरच्या मुलखात, शेनुआ डोंगराच्या परिसरात परतल्या आणि तिथल्या वयस्कर बायकांना त्यांनी स्वातंत्र्ययुद्धाच्या आठवणी विचारल्या. त्यातून ‘शेनुआ डोंगरातील स्त्रियांची नूबा’ हा चित्रपट तयार झाला. त्याला निव्वळ माहितीपट म्हणता येणार नाही, कारण लैला नावाच्या एका कल्पित स्त्रीची कथा त्यात आहे. पण ती ज्यांच्याशी बोलते त्या बायका खऱ्या आहेत आणि त्यांचे बोलणेही खरे आहे. नूबा हा उत्तर आफ्रिकेतील अंदलुसी अभिजात संगीताचा एक बांधीव प्रकार आहे, ज्यात ठरलेले भाग एकामागून एक सादर होतात. शिवाय त्याच शब्दाचा साधा अर्थ ‘पाळी’ असाही आहे. आता बोलायची पाळी बायकांची, हे चित्रपटाच्या नावातच आले.

1976 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या आयुष्यातील पहिले दृश्य चित्रित केले, त्याचे वर्णन त्यांनीच पुढे एका कादंबरीत केले आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेला नवरा झोपण्याच्या खोलीच्या दाराशी थांबला आहे. आत बायको झोपली आहे. खोलीत जायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि खुर्ची तिथेच अडते. तो पाहू शकतो, पण आत जाऊ शकत नाही. दोन पायऱ्यांमुळे नजर आणि सत्ता यांची कायमची जोडी सुटते, आणि ते सांगायला संवादाचा एकही शब्द लागत नाही. मला हे दृश्य जेबार यांच्या साऱ्या लेखनाची किल्ली वाटते.

अल्जीयर्समध्ये या चित्रपटावर कडक टीका झाली. 1979 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात मात्र त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. 1982 चा ‘ला झेर्दा’ हा त्यांचा दुसरा चित्रपट वेगळ्या जातीचा आहे. 1912 ते 1942 या काळात फ्रेंच कंपन्यांनी मगरेब म्हणजे वायव्य आफ्रिकेच्या प्रदेशात टिपलेली चित्रफीत घेऊन त्यांनी ती नव्याने जुळवली आणि त्या चित्रांवर स्थानिक आवाज व गाणी चढवली. चित्रे वसाहतवाल्यांची, आवाज मात्र ज्यांचे चित्रण झाले त्यांचे, अशी ही रचना आहे.

आता 1985 ची ‘लामूर, ला फाँतासिया’ ही कादंबरी पाहा. तिची रीत याच दोन चित्रपटांतून आलेली आहे. एका बाजूला 1830 पासूनच्या फ्रेंच आक्रमणाची कागदपत्रे त्या उलट्या अंगाने वाचतात. 1845 मध्ये दाहरा येथील गुहांत आश्रय घेतलेल्या टोळीला धुराने गुदमरवून मारणाऱ्या अधिकाऱ्याचा स्वतःचा अहवालच त्याच्याविरुद्धची साक्ष ठरतो. दुसऱ्या बाजूला गावच्या बायका ‘मी’ म्हणून बोलतात. शेरिफा आपण तेरा वर्षांची असतानाच्या, भावाच्या मृत्यूविषयी सांगते, तेव्हा वाक्ये आखूड होतात, अलंकार गळून पडतात आणि लेखिका बाजूला होते. ऐकणाऱ्याने केव्हा गप्प बसावे, हे त्या चित्रीकरणाच्या काळात शिकल्या होत्या. ‘नूबा’ हा चित्रपट ज्या झुलेखा या वीरांगनेला अर्पण केला होता, तिच्यावरची ‘कबर नसलेली स्त्री’ ही कादंबरी तर 2002 मध्ये आली, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी ऐकलेले सुमारे पंचवीस वर्षांनी कागदावर उतरले.

प्रश्न : फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या आणि पुढे फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च मानाच्या संस्थेवर, निवडून गेलेल्या लेखिकेला प्रादेशिक म्हणावे काय?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : म्हणावे. त्या 2005 मध्ये अकादमीवर निवडून गेल्या हे खरे, पण प्रादेशिकता केवळ लिपीवर आणि भाषेवर ठरत नाही. जेबार यांच्या उत्तरकाळातील पुस्तकांत शेर्शेल, शेनुआ आणि दाहरा हा एवढासा टापू पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यांच्या फ्रेंच वाक्यांखाली अरबी बोलण्याचा ठेका जाणवत राहतो. 2015 मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले आणि दफन मात्र शेर्शेललाच झाले.

प्रश्न : फ्रेंच येत नसल्यास सुरुवात कोठून करावी?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ‘लामूर, ला फाँतासिया’चा डोरोथी ब्लेअर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे, तिथूनच करा. आरंभीच वडिलांचा हात धरून प्रथमच शाळेला निघालेली छोटी मुलगी भेटेल. पुढची युद्धाची प्रकरणे जड गेली, तरी ती गाळू नका. शेरिफाचे बोलणे त्यांच्यानंतर वाचले, म्हणजेच ते पुरते ऐकू येते.