उन्हात बंद पडणाऱ्या ओम्नीचा पंप बदलण्याआधी ठिणगी पाहा

१९९७ची कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) ओम्नी मे महिन्यात पाऊण तास चालली की चढावर बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि गॅरेजवाल्याने फ्युएल पंप बदलायला सांगितले आहे, तर पंप कंपनीचा घ्यावा की बाजारातला, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, अजून कोणताच पंप घेऊ नका.

याच लक्षणावरून आमच्या गाडीचे दोन पंप बदलले गेले आणि दोष पंपात नव्हताच. ती ओम्नी माझ्या वडिलांची होती. कराडमध्ये शाळेच्या मुलांची ने-आण करून त्यांनी तिच्यावर आमचे घर चालवले. ती उन्हाळ्यात मान टाकू लागली तेव्हा आमच्या दाजींनी एकदा पंपावर ओले फडके ठेवले, थोड्या वेळाने गाडी सुरू झाली आणि दोष पंपाचाच हे घरात सर्वांनी मान्य केले. दुसरा पंप बसवल्यानंतरच्या मे महिन्यात चिपळूणचे लग्न आटोपून परतताना, पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढत असताना गाडी पुन्हा बंद पडली. दाजी सर्वांदेखत म्हणाले, “मामा, तुम्ही गाडीची निगा राखली नाही, आता ती भंगारात घाला.” वडील काही न बोलता कठड्यावर जाऊन बसले.

मी पुढची सीट उचलली, एअर फिल्टर काढला आणि एक्सिलरेटरची तार हाताने ओढली. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक पण स्वच्छ धार पडली, म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. मग फिल्टर पुन्हा बसवून एका प्लगची वायर काढली, तिला जवळचा जादा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि भावाला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी अजिबात नव्हती, आणि कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाला, तर हात लावून ठेवता येत नव्हता. तापल्यावर कॉइलच्या आतल्या गुंडाळीचा दोष उघडा पडतो आणि निवल्यावर तो झाकला जातो. फडके ठेवल्याने गाडी सुरू झाली म्हणून पंप दोषी, हे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते, कारण त्या वेळात पंपाबरोबर कॉइलही निवत असते. कराडला आल्यावर कॉइल बदलली आणि पुढचे चार उन्हाळे गाडी कोठेही थांबली नाही.

म्हणून गाडी बंद पडेल त्याच क्षणी, ती निवण्याआधी, पेट्रोल आणि ठिणगी यांपैकी काय नाही ते पाहा. ठिणगी निळी आणि जोरकस असेल, पण पेट्रोल येत नसेल, तरच पंपाकडे वळा. हा पंप इंजिनालाच बसवलेला असल्यामुळे चढावर कमी वेगात तो फार तापतो, आणि तो टाकीकडून पेट्रोल ओढतो त्या बाजूला दाब कमी असल्यामुळे पेट्रोलची वाफ तेथे लवकर होते. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा. सेल्फ मारल्यावर पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवे. बुडबुडे येत असतील तर टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी आधी बदला, कारण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने जुने रबर लवकर खराब होते. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला लवचीक पडदा, फाटला आहे. तशी गाडी चालवू नका. अशा वेळी मात्र पंप कंपनीचाच घ्या.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पेट्रोलची नळी उघडी असताना ठिणगीची तपासणी कधीही करू नका, आग लागेल. आणि गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी, असेल तर पंप टाकीत असतो, त्यामुळे वरचे बरेचसे तिला लागू नाही. तेथे चावी फिरवल्यावर पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते का ते पाहा आणि उन्हाळ्यात टाकी तळाला जाऊ देऊ नका, कारण पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवते.

दाजी आजही म्हणतात की दुसऱ्या पंपाचा गुण उशिरा आला. ती जुनी कॉइल मी जपून ठेवली आहे. थंड असताना ती अजूनही चांगली ठिणगी देते, आणि सकाळी थंड गाडी तपासणाऱ्या दोन्ही गॅरेजांना ती म्हणूनच निर्दोष वाटली होती.