बाटली भरलेलीच परत का येते?

मावशी, माझा मुलगा ऐरोलीत महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे. फेब्रुवारीत एका डॉक्टरबाईंनी वयात येण्याबद्दल तास घेतला. कुणाचं शरीर एक सांगतं आणि मन दुसरं, असंही बोलल्या. शेवटी मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकल्या. याच्या चिठ्ठीत होतं, 'मी कुठल्या रांगेत उभं राहायचं?' वर्गशिक्षिकेने अक्षर ओळखून मला बोलावलं. हे म्हणतात, गावी काकांकडे धाडू. आधी तो असा नव्हता. थोडा वेंधळा, एवढंच. दिवाळीपासून पाण्याची बाटली भरलेलीच परत आणतो आणि आल्या आल्या संडासात पळतो. त्या तासानेच डोक्यात भरवलं. असे तास बंद करा म्हणून आम्ही वीस आया अर्ज देतोय. मजकूर नीट करून द्याल?
— ऐरोलीची एक आई

देते की. पण आधी तुझ्याच पत्रातला हिशेब बघ. बाटली भरलेली येतेय दिवाळीपासून, डॉक्टरबाई आल्या फेब्रुवारीत. तुझं लेकरू त्या यायच्या कितीतरी आधीपासून शाळेत पाणी पीत नाहीये, आणि तू वेंधळेपणा म्हणून मोकळी झालीस.

(लेकरू म्हणतेय. मुलगा की मुलगी ते ठरवायची मला घाई नाही, तूही करू नकोस.)

वेंधळं पोर बाटली वर्गात विसरतं. रोज सांभाळून भरलेली घरी आणत नाही. संडासला जावं लागू नये म्हणून पाणी तोडणारी मुलं मी ठाण्यात शिकवताना एकतीस वर्षं पाहिली. बहुतेक मुली असायच्या. पाळी आलेली, संडासाची कडी तुटलेली, मग सकाळपासून घोटभरही नाही. लघवीला जळजळ सुरू झाली की आया म्हणायच्या उष्णता झाली, आणि सब्जा पाजायच्या. असायचा जंतुसंसर्ग. मुलांच्या मुतारीला तर दारच नसतं, नुसता आडोसा. जो आत कडी लावून बसेल त्याच्या दारावर लाथा, वर चिडवाचिडवी. आता ती चिठ्ठी परत वाच. रांग म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे प्रार्थनेची आली ना? मधल्या सुट्टीतही रांग असते.

त्या वर्गशिक्षिकेचाही मला राग आला. नाव घालू नका सांगायचं आणि अक्षरावरून घरी कळवायचं! आता त्या वर्गातून चिठ्ठी यायची नाही.

तुमचा अर्ज फाड. 2007 साली असाच गदारोळ होऊन राज्यातल्या शाळांत लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा मी वर्गात होते. मुलांचे प्रश्न थांबले नाहीत, सायबर कॅफेत गेले. गावी धाडाल, तर तिथल्या शाळेतही दारं दोनच असणार.

आज रात्री एवढंच विचार, 'शाळेत संडासला जायची भीती वाटते का?' दुसरं काही नाही. विचारून भाकऱ्या थापत राहा. मुलं पाठमोऱ्या आईशी जास्त बोलतात. मग लेकराला विचारून, विचारूनच हं, सोमवारी मुख्याध्यापिकांकडे एकटी जा. मजकूर हा घे:

'माझ्या पाल्याला शाळेत संडासला जाता येत नाही, म्हणून दिवसभर पाणी पिणं टाळलं जातं. कडी लागणारा एक संडास, शिक्षकांचा किंवा दिव्यांग मुलांसाठीचा, वापरू द्यावा. वर्गात याची चर्चा करू नये.'

आढेवेढे घेतले तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 सांग: मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल मात्र पिशवीतच राहू दे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळी स्वच्छतागृहं द्या, असं त्यात सांगितलंय खरं. पण तुझ्या लेकराने स्वतःला अजून कुठलंच नाव दिलेलं नाही, ते आपण चिकटवायचं नाही. कडी मागायला नाव लागत नाही.

लघवीची तपासणी मात्र सोमवारची वाट न बघता करून घे. जळजळ होत असली तरी लेकरू आपणहून सांगणार नाही.