तयार फिगरवर पॉलिमर क्लेने केलेले केस आणि चिलखत कडक कसे करावे?

आपला प्रश्न असा आहे की, प्लास्टिकच्या तयार फिगरवर (म्हणजे एखाद्या पात्राच्या छोट्या मूर्तीवर) पॉलिमर क्लेने नवे केस आणि चिलखत घडवले, परंतु बरेच दिवस उघडे ठेवूनही ते मऊच राहिले आहे. तर आता ते हेअर ड्रायरने तापवावे, की फिगरसकट ओव्हनमध्ये ठेवावे? माझ्या मते यांपैकी काहीही करू नये. क्ले कशी कडक करायची हे ती घडवून झाल्यावर ठरवता येत नाही. ती ज्या वस्तूवर बसणार आहे ती वस्तू काय सोसू शकते, हे पाहून आधी क्लेचीच निवड करावी लागते.

पॉलिमर क्लेमध्ये पाणी नसते, त्यामुळे ती कितीही दिवस हवेत ठेवली तरी वाळत नाही. पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर यांचे ते मिश्रण असते. उष्णता मिळाली की कण प्लास्टिसायझर शोषून घेतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. त्यासाठी बहुतेक प्रकारांना ११० ते १३० अंश सेल्सिअस तापमान सलग काही वेळ मिळावे लागते. हेअर ड्रायरने वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो आणि आतला भाग कच्चाच राहतो. दुसरीकडे, फिगरचे अंग बहुधा मऊ पीव्हीसीचे आणि सांधे एबीएस या कडक प्लास्टिकचे असतात. असे पीव्हीसी गरम पाण्यातसुद्धा वाकते, फिगरची वाकलेली तलवार सरळ करण्यासाठी आपण हाच गुण वापरतो, मग ओव्हनमध्ये फिगरचा आकार टिकेल अशी आशा धरता येत नाही. शिवाय कच्च्या क्लेतील प्लास्टिसायझर हळूहळू खालच्या प्लास्टिकमध्ये उतरतो आणि काही प्लास्टिके त्यामुळे चिकट होतात किंवा विरघळू लागतात. म्हणून ती क्ले लाकडी कोरणीने लवकर काढून घ्यावी आणि जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने राहिलेला चिकटपणा जातो, पण त्याने रंगही निघू शकतो, तेव्हा आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडे लावून पाहावे.

आपल्या कामासाठी मी इपॉक्सी पुटी सुचवीन. हिचे दोन भाग एकत्र मळले की रासायनिक क्रियेने ती आपोआप कडक होते आणि ओव्हनची गरजच उरत नाही. दोन्ही भाग वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत (बहुतेक पुट्यांना ते समसमान असते) आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळावेत, कारण पुटी पुढे कुठेतरी मऊ राहते ती बहुतेक वेळा अपुऱ्या मळण्यामुळेच. फिगरची जागा सँडपेपरने थोडी खरखरीत करून तेलकटपणा पुसून घेतला, तर पकड चांगली बसते. ताजी पुटी फार चिकट असते. तिचा ढोबळ आकार लावून घ्यावा, अर्धा तास थांबावे, आणि मग केसांच्या बटा किंवा चिलखताच्या कडा यांसारखे बारीक काम करावे. तोवर ती रेघ धरून ठेवण्याइतकी घट्ट झालेली असते. हत्यार पाण्यात किंचित ओले करावे, मात्र पाणी साचू देऊ नये, कारण दोन थरांमध्ये पाणी राहिले तर वरचा थर सुटतो. पुटीनुसार हाताळायला साधारण एक ते तीन तास मिळतात आणि पूर्ण कडक व्हायला सुमारे २४ तास लागतात. थंडीत हा वेळ वाढतो. मळलेल्या पुटीची एक गोळी बाजूला ठेवण्याची सवय मला फार मोलाची वाटते: नख रुतते का हे तिच्यावर पाहावे, मूर्तीला हात लावू नये. सांध्याजवळ काम असेल, तर सांध्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा, पुटी अर्धवट कडक असताना सांधा फिरवून पाहावा आणि रंगाच्या थरासाठी थोडी फट सोडावी. नायट्राइलचे हातमोजे घालाच, कारण कच्च्या इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा जडली की सहसा जात नाही. कडक झालेली पुटी घासताना पाणी वापरावे आणि मास्क लावावा.

पॉलिमर क्लेच हवी असेल, तर भाग वेगळा बनवावा. फिगरच्या छातीवर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून तिचा आकार घ्यावा, ते कवच अलगद काढून आतून आणखी फॉइल ठासून भरावे आणि त्यावर चिलखत घडवून भाजावे. फॉइल सैल राहिली, तर आत अडकलेली हवा तापून फुगते आणि तडे जातात. वेळ जाडीवर ठरतो: काही क्लेंना ६ मिलिमीटर जाडीमागे १५ मिनिटे पुरतात, काहींना ११० अंशांवर ३० मिनिटे लागतात. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर न विसंबता आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. कमी भाजलेला भाग ठिसूळ होतो, पण तो पुन्हा भाजता येतो. अतितापमान मात्र टाळावे, कारण सुमारे १७५ अंशांपलीकडे पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघू लागतो. गरम असताना भाग लवचिक लागतो, म्हणून कडकपणा पूर्ण थंड झाल्यावरच तपासावा आणि मग तो फिगरवर चिकटवावा.

हवेत वाळणारी क्ले इथे टाळावी. पाणी उडताना ती आकसते, आतली फिगर आकसत नाही, आणि भेगा पडतात.

रंगकामात पॉलिमर क्लेवर ब्रशने ॲक्रिलिक रंग द्यावा, कारण काही स्प्रेंमधील द्रावकांमुळे तिचा पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. हाच त्रास फिगरच्या मऊ पीव्हीसीलाही होऊ शकतो, त्यामुळे पुटीवर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारणार असाल, तर आजूबाजूचे अंग झाकून घ्यावे.