घरी वीस-पंचवीस सिगार ठेवायचेत, ह्युमिडॉर, म्हणजे त्यांचा ओलावा टिकवणारा डबा, कुठला घेऊ? काचेच्या झाकणाचा आवडलाय, घ्यावा का?

काचेच्या झाकणाचा नका घेऊ, निदान पहिला तरी नको. मी पहिला तोच घेतला होता म्हणून सांगतोय. वर काच, पुढे ओलावा दाखवणारं पितळी कड्याचं गोल काट्याचं मीटर, दिसायला खरंच सुंदर होता. काटा कायम ७० वर, रोज बघायचो आणि बरं वाटायचं. दीड महिन्याने एक सिगार काढला, बोटांत हलकेच दाबला तर वाळक्या पानासारखा कुरकुरला, आणि कटर लावला तसं वरचं पान टोकापासून जवळजवळ अर्ध्यापर्यंत उललं. मग आत डिजिटल मीटर ठेवून बघितलं तर ५२ टक्के. काटा ७० वर अडकूनच बसला होता, आणि काच जिथे लाकडात बसवलेली असते तिथल्या फटीतून ओलावा रोज थोडा थोडा जात होता. काचेचे सगळेच वाईट असतात असं नाही, पण हवा जायला एक जास्तीची जागा असते आणि ऊन पडलं तर डबा आतून तापतो ते वेगळंच.

ह्युमिडॉरचं काम एकच, आतली हवा एका ठरावीक ओलाव्यावर धरून ठेवायची, साधारण ६५ ते ७० टक्के, आणि तापमान १८ ते २१ अंशांच्या आसपास. कमी झालं की सिगार भराभर आणि गरम जळतो, तोंड कडू होतं, पानातलं तेल एकदा उडून गेलं की ते परत येत नाही. ७५ च्या वर बराच काळ राहिलं की ओढायला जड, सारखा विझतो, आणि बुरशीची भीती. म्हणून लाकडाचं पॉलिश, बिजागऱ्या, कुलूप हे सगळं नंतर, आधी झाकण बघा. झाकण थोडं वर धरून सोडून द्या, चांगल्या डब्याचं झाकण आपटत नाही, आतली हवा दाबली जाते त्यामुळे शेवटी हळूच बसतं. कागदाची पट्टी झाकणात धरून डबा बंद करा आणि ओढा, सहज सरकली तर तिथे फट आहे, हे चारही बाजूंना करा. किंवा अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा, कुठून उजेड येतो ते बघा.

आतलं लाकूड स्पॅनिश सीडर असावं. नाव तसं असलं तरी ते स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं महोगनीच्या कुळातलं झाड आहे. ते ओलावा शोषून धरतं आणि हवा कोरडी पडली की परत सोडतं, शिवाय त्याच्या वासाचा सिगारशी चांगला मेळ बसतो. फक्त आतून वार्निश मारलेलं नको, मग त्याचा उपयोगच संपला.

साइजबद्दल, डब्यावर ५० लिहिलं असेल तर तुमचे २५ नीट बसतील असं धरा, कारण तो आकडा बारीक सिगार खच्चून भरून मोजलेला असतो आणि हवा फिरायला जागा लागतेच.

डब्याबरोबर जो स्पंजचा किंवा फोमचा तुकडा येतो तो मी वापरत नाही. त्याऐवजी दोन्हीकडून काम करणारी पाकिटं घ्या, बोव्हेडाची सगळ्यात जास्त चालतात, ओलावा कमी झाला तर देतात आणि जास्त झाला तर ओढून घेतात. पाकिटावरचा आकडा म्हणजे ते किती टक्के ओलावा धरून ठेवतं तो. लाकडी डब्याला ६९ वालं, आणि ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारच्या जागेमागे, म्हणजे आत सिगार किती ते नाही तर डबा केवढा ते बघून. पाकीट कडक झालं की बदला.

मीटर डिजिटलच घ्या आणि तेही तपासून. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाका, मीठ विरघळता कामा नये, आणि मीटरसोबत झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर हात लावू नका. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर पुढे कायम ४ मिळवून वाचायचं.

नवीन लाकडी डब्यात लगेच सिगार भरू नका हे मात्र खरंच मनावर घ्या, कोरडं लाकूड पहिलं पाणी तुमच्या सिगारमधूनच ओढेल. ८४ चं पाकीट रिकाम्या डब्यात टाकून दोन आठवडे बंद ठेवा. ओल्या फडक्याने आतून पुसायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, लाकूड वाकडं होतं आणि सीलची वाट लागते.

उष्णतेचं पण बघा. तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की तंबाखूच्या पानातली किड्याची अंडी फुटू शकतात, मग सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसतात. तसं दिसलं तर सगळे सिगार दुहेरी झिपलॉकमध्ये घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. एरवी मात्र फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, तिथली हवा फार कोरडी असते.

आता तुमच्या वीस-पंचवीस सिगारसाठी मी मनापासून काय सांगेन, तर लाकडी डबा सध्या घेऊच नका. रबराची रिंग असलेला, कुठलाही वास नसलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ६५ चं पाकीट, मीटर आणि सिगारच्या खोक्यातून मिळणारी सीडरची एखादी पट्टी टाका. इथे ६५ एवढ्यासाठी की प्लास्टिक ओलावा पीत नाही, त्यामुळे ६९ टाकलं तर मला तरी सिगार जरा ओलसर वाटतात. आठवड्यातून एकदा उघडून हवा बदलायची, बाकी काही नाही. फ्लेवरवाले सिगार असतील तर त्यांना वेगळा डबा, नाहीतर सगळ्यांना तोच वास लागतो.

आणि तुमच्याकडचे काही आधीच वाळले असतील तर त्यांना एकदम ७० मध्ये टाकू नका, आतली पानं आधी फुगतात आणि वरचं पान फाटतं. मी माझे उरलेले ११ सिगार याच प्लास्टिकच्या डब्यात आधी ६२ च्या पाकिटावर तीन आठवडे ठेवले, मग ६५ वर. चव पहिल्यासारखी नाही आली, पण त्यानंतर कापताना एकही फुटला नाही.