तुमचे प्रश्न: जुन्या कार्डाला मेमरी चिप कुठली?

प्रश्न: आयबीएम एक्सटीत (ऐंशीच्या दशकातला पीसी) ३८४ केचं मेमरी कार्ड आहे, चालू केलं की २०१ एरर, म्हणजे मेमरी खराब असल्याचा, येतो. कार्डावरच्या चिपवर ४१६४-२० लिहिलंय. मला ४१६४-१५ आणि ४१२५६-१२ मिळतायत, कुठल्या घेऊ? आणि बँकेतल्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या नऊ चिपांच्या गटातल्या, नऊच्या नऊ बदलायच्या का?

उत्तर: ४१६४-१५ घ्या, डोळे झाकून. शेवटचा आकडा म्हणजे स्पीड, २० म्हणजे २०० नॅनोसेकंद आणि १५ म्हणजे १५०, आणि चिप जास्त फास्ट असली तर कार्डाला काही फरक पडत नाही, स्लो मात्र नको. लोक या आकड्यावरच अडून बसतात आणि खरी गोची दुसरीकडेच होते. ४१६४ ही ६४ केची, ४१२५६ ही २५६ केची, ती पण १६ पिनचीच, सॉकेटात मस्त बसते, पण तिची पिन १ म्हणजे जादा अ‍ॅड्रेस लाइन (मेमरीतली जागा निवडणारी तार) आहे आणि ४१६४ ची पिन १ नुसतीच रिकामी, त्यामुळे कार्डावर तिथे काहीच जोडलेलं नसेल तर ती लाइन हवेत लटकते आणि मग मेमरी कधी चालते कधी नाही, असलं दुखणं शोधताना डोकं फिरतं. पिन १ ग्राउंडला असेल तर चालेल, ६४ केची म्हणून.

नऊच्या नऊ कशाला बदलता, कार्डावर ५४ चिपा आहेत, कुठवर बदलणार! २०१ च्या आधीचे दोन आकडे बघा. ०१ म्हणजे बिट ०, ०२ म्हणजे बिट १, ०४ म्हणजे बिट २, असं दुप्पट होत ८० पर्यंत, आणि ०० आलं तर नववी, म्हणजे पॅरिटीची (बाकी आठांतली चूक पकडणारी) चिप. त्याच्याही आधी पत्ता असतो, त्यावरून बँक कळते. ती चिप शेजारच्या चिपेशी अदलाबदल करा, आकडा बदलला तर चिप गेली, तोच राहिला तर सॉकेट नाहीतर ट्रॅक. अख्खी बँकच गायब असेल तर आधी डिप स्विच (मेमरी किती ते सांगणारी बारकी बटणं) बघा, मदरबोर्डवर २५६ के असेल तर कार्ड तिथूनच पुढे सुरू व्हायला पाहिजे. एका बँकेत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा चालतात, त्याचं टेन्शन नको.

आणि खाच बघून बसवा हो, उलटी बसली की पाच व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि चिप तापते, मी एकदा बोट लावून बघितलं होतं, परत नाही लावलं.

प्रश्न: ४११६ च्या (आधीची १६ केची चिप) जागी ४१६४ बसेल का? दोन्ही १६ पिनी.

उत्तर: बसेल आणि जळेल. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात, तिच्या पिन ८ वर १२ व्होल्ट असतात आणि ४१६४ ला तिथे ५ च पाहिजेत. वायरिंग बदलायची तयारी नसेल तर सरळ ४११६ च शोधा.