शाहूपुरीतलं ऑफिस आणि शिरोलीतली फाउंड्री : टॅली, कॅमेरे, फोन, मीटर सगळं एकाच टनेलमधून सुरक्षित नेता येईल का?

येईल. टनेल म्हणजे इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी, एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) वाट. फक्त त्यातलं काय न्यायचं आणि काय जागेवरच ठेवायचं, हे आधी ठरवा.

तुमची मांडणी अशी दिसते: कोल्हापुरात शाहूपुरीत अकाउंट्स, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. टॅलीचा डेटा ऑफिसच्या पीसीवर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र) आणि भट्टीचं एनर्जी मीटर फाउंड्रीत, आयपी फोन (नेटवर्कवरून चालणारे) दोन्हीकडे. सध्या राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडून रिमोट डेस्कटॉप (दूरच्या पीसीचा पडदा इथून वापरणं) चालू आहे आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) टनेल पुरेल की व्हीपीएन (दोन नेटवर्कं जोडणारा खाजगी टनेल) लागेल, असं तुम्ही विचारलंय.

ते ३३८९ आजच बंद करा. इंटरनेटवर उघड्या रिमोट डेस्कटॉपवर पासवर्ड लावून बघणारे बॉट्स दिवसरात्र फिरत असतात, आणि रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आत शिरायच्या नेहमीच्या वाटांपैकी ही एक आहे. पोर्टचा नंबर बदलून काही साधत नाही, स्कॅनरला तोही सापडतो.

एसएसएच एका कामापुरतं झकास आहे. ‘एल’ पर्याय देऊन तुमच्या लॅपटॉपचं १३३८९ पोर्ट पलीकडच्या पीसीच्या ३३८९ ला जोडलं की रिमोट डेस्कटॉप सुरक्षित चालतो. बाहेरच्या माणसाला एकच मशीन तासभर दाखवायचं असेल तर याहून सोपं काही नाही. लाइन रिकामी पडली की जोडणी तुटते, म्हणून ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० सेकंद ठेवा. पण असं पोर्ट फॉरवर्डिंग (एका पोर्टवर आलेलं दुसऱ्यावर पोचवणं) फक्त टीसीपीचं (हरवलेलं पुन्हा पाठवून सगळं क्रमाने पोचवणारी पद्धत) होतं. आयपी फोनचा आवाज यूडीपीवर (पोचलं का ते न बघता पाठवत राहणारी पद्धत) जातो, तो यातून जाणार नाही. शिवाय एका एसएसएच जोडणीत चार कामं घातली की एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवल्यावर चारही थांबतात, कारण खाली टीसीपीची रांग एकच असते.

हाच मुद्दा टीसीपीवर चालवलेल्या ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरलाही लागू होतो. आतला टीसीपी हरवलेलं पुन्हा पाठवतो, बाहेरचाही पाठवतो, आणि लाइन जरा खराब झाली की दोघांचे टायमर एकमेकांवर चढतात. टनेल यूडीपीवरच असावा. पीपीटीपी या जुन्या व्हीपीएन पद्धतीचा पर्याय जुन्या राउटरमध्ये अजून दिसतो, तो वापरू नका, त्याची ओळख तपासायची पद्धत २०१२ पासून मोडीत निघाली आहे. नुसतं जीआरई किंवा नुसतं एलटूटीपी (टनेलच्या आणखी दोन पद्धती) काहीच एन्क्रिप्ट करत नाही, त्यांना आयपीसेक या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं कवच लागतं. आयपीसेक स्वतः भक्कम आहे (यूडीपी ५०० आणि ४५००), पण दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर जुळवताना डोकं फिरतं. दोन जागांसाठी मी वायरगार्ड हे व्हीपीएन घेईन. २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून, ते लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. पर्याय मोजके, त्यामुळे चुकायला जागाही कमी.

आता जोडणी. दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असणार, कारण राउटर तसेच येतात. तसं ठेवलं तर पलीकडचा पत्ता पीसीला आपल्याच खोलीतला वाटतो आणि पॅकेट टनेलकडे वळतच नाही. शाहूपुरीला १९२.१६८.१०.०, शिरोलीला १९२.१६८.२०.० करा. डीव्हीआर, मीटर, प्रिंटर यांचे हाताने दिलेले पत्ते बदलायला विसरू नका, खरा वेळ तिथेच जातो.

मग राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणारी इंटरनेट कंपनीची व्यवस्था) मागे आहात, बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही, पोर्ट फॉरवर्ड कितीही करा. एका बाजूला तरी स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घ्या. नाहीतर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन दोन्ही राउटर त्याला जोडा. यात एक गोष्ट लक्षात असू द्या: व्हीपीएसवर डेटा उलगडून पुन्हा बंद होतो, म्हणजे त्या मशीनचा ताबा ज्याच्याकडे त्याला तो दिसू शकतो.

आता वायरगार्डची सेटिंग. प्रत्येक टोकाला स्वतःची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली), समोरच्याची पब्लिक की (उघड किल्ली). की ४४ अक्षरांची असते, शेवटचं चिन्ह ‘बरोबर’चं (=). व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करताना नेमकं तेच सुटतं. पोर्ट यूडीपी ५१८२०. ‘अलाउड आयपीज’मध्ये समोरच्या बाजूचं नेटवर्क लिहायचं. ही ओळ दोन कामं करते: जाताना कुठलं पॅकेट कुणाकडे जाईल ते ठरवते आणि येताना त्या कीकडून कुठला पत्ता मान्य करायचा तेही. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणं) केल्यावर ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ आलं तर हीच ओळ चुकली आहे. व्हीपीएस मध्ये असेल तर त्याच्यावर आयपी फॉरवर्डिंग (एकीकडची पॅकेट दुसरीकडे पाठवणं) चालू करा. नॅटमागच्या (स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसलेल्या) राउटरवर ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा.

सगळं झालं, पिंग जातंय, लॉगिनही उघडतंय, पण मोठी फाइल उघडताना अडकतं? तो एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) घोळ. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर आयपीव्ही४ ला ६० आणि आयपीव्ही६ ला ८० बाइट चढवतं, म्हणून त्याचा नेहमीचा आकडा १४२०. तुमची फायबर पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) असेल तर लाइनच १४९२ ची, तेव्हा १४१२ ठेवा आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातला कमाल डेटा) १३७२ ला बांधा. ४जी वर तरीही अडकलं तर सरळ १२८० लावून बघा. तपासायला विंडोजच्या पिंगला ‘तुकडे करू नको’चा पर्याय देऊन आकार वाढवत न्या. जिथे अडेल त्याआधीच्या आकड्यात २८ मिळवले की लाइनचा खरा एमटीयू मिळतो.

दुसरा त्रास लाइट गेल्यावर दिसतो. टनेलसाठी रास्पबेरी पाय ४ सारखा छोटा संगणक-बोर्ड वापरलात तर त्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज येते तेव्हा तारीख मागची असते, आणि वायरगार्ड आधीपेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणी सुरू करायचा निरोप) जुना माल समजून नाकारतं. म्हणून एनटीपीची (नेटवरून घड्याळ लावणाऱ्या सेवेची) वेळ टनेलबाहेरून, थेट इंटरनेटवरून घ्या.

आता काय न्यायचं. टॅलीचा डेटा फोल्डर टनेलमधून शेअर करू नका. फाइल शेअरिंग सतत छोट्या छोट्या विचारणा करतं, प्रत्येकीला येण्याजाण्याचा वेळ लागतो, आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडतो. फाउंड्रीतून रिमोट डेस्कटॉपनेच ऑफिसच्या पीसीवर काम करा, तारेवरून फक्त पडदा जातो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग शिरोलीतच राहू द्या, ऑफिसला सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं हलकं, कमी दर्जाचं चित्र) पुरते. फोन अगदी हलका: जी.७११ (फोनचा आवाज पाठवायची पद्धत) चा एक कॉल एका दिशेला ८० केबीपीएस, टनेलमध्ये साधारण १०७. पण कॅमेऱ्यांनी अपलोड भरला की आवाज तुटणार, म्हणून राउटरवर फोनला प्राधान्य द्या.

मीटरचं मोडबस (यंत्राचे आकडे वाचायची पद्धत, टीसीपी ५०२) सगळ्यात जपायचं. त्याला पासवर्डच नसतो, जो पोचला तो वाचू शकतो आणि यंत्र परवानगी देत असेल तर लिहूही शकतो. टनेल बाहेरच्यांना अडवतो, ऑफिसमधल्या व्हायरस लागलेल्या पीसीला नाही. शिरोलीच्या राउटरवर नियम लावा: ५०२ ला फक्त रिपोर्ट घेणारा एकच पीसी, डीव्हीआरच्या ५५४ या व्हिडिओच्या पोर्टला फक्त कॅमेरे बघणारा, आणि फोन, बाकी सगळं बंद. ऑफिसच्या बाजूलाही तसंच, फाउंड्रीतून आत फक्त टॅलीच्या पीसीचं ३३८९ आणि फोन. विंडोजचा फायरवॉल मात्र उलट त्रास देतो: फाइल आणि प्रिंटर शेअरिंग तो मुळात आपल्याच सबनेटला (जागेवरच्या नेटवर्कला) देतो, तेव्हा ज्या पीसीवरचा प्रिंटर दुसरीकडून वापरायचा असेल तिथे पलीकडचं नेटवर्क हाताने घाला आणि राउटरच्या नियमातही तेवढी वाट ठेवा.

पंचगंगेला पाणी चढलं की शिरोलीचा रस्ताच बंद होतो, २०१९ ला आणि २०२१ ला झाला तसा, मग फायबर दुरुस्त करायला कोण येणार? फाउंड्रीच्या राउटरला ४जी डोंगल लावून ठेवा. व्हीपीएसच्या मांडणीत पत्ता बदलला तरी व्हीपीएस पुढच्या खऱ्या पॅकेटवरून नवा पत्ता उचलतो आणि टनेल चालू राहतो. डोंगलवर असताना कॅमेरे तेवढे बंद ठेवा.