नागपुरात मे महिन्यात ३ किलोवॅटचं सोलर २.४ वरच का अडकतं?

बहुतेक वेळा बिघाड नसतो, उष्णता आडवी येते. पॅनेलवर छापलेली क्षमता त्यातले सेल (उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकत्या) २५ अंशांवर असतानाची असते. नागपुरात हवा ४५ असली की सेल ७० च्या घरात जातो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे १६ टक्के तिथेच गेले, वरून धूळ. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या सेलच्या पॅनेलमध्ये हीच घट ०.३० च्या आसपास असते, म्हणून नवीन घेताना डेटाशीटवर आधी तो आकडा पाहा, वॅट नंतर.

पॅनेल टिनाला चिकटून बसवलं असेल तर खालून वारा खेळत नाही. १५ सेंटिमीटर तरी फट हवी. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापत असेल तर तो स्वतःच उत्पादन कापतो, सावलीत हलवा. पॅनेल धुवायचं पहाटेच. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते.